नामशेष तळ्याची तीन कार्डे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, संदर्भकोश कार्यालयातून निवृत्त झालेली नोंदकार, राहणार टेकडीवर पाण्याच्या टाकीमागचे दोन खोल्यांचे घर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तारीख सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरच्या नकाशात एक नदी भलत्याच बाजूने समुद्राला मिळते हेही दाखवले. त्यांनी दाखल्यावर "उत्तम" असे लिहिले. जरा चिडूनच लिहिले, पण लिहिले.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात सगळे सुरळीत होईल असे धरून चालले होते.

तब्येत ठणठणीत असताना ही घाई कशाला, असे वाचणाऱ्याला वाटेल. येत्या सोमवारी मी माझ्या भाचीच्या खालच्या वसाहतीतल्या घरी राहायला जात आहे आणि ती तिच्या माणसांसह या घरात येत आहे. ही अदलाबदल का, ते पुढच्या कलमांत येईल. मी आयुष्यभर नोंदी लिहिल्या, त्यामुळे आधी काय आणि मग काय याबाबत मी हट्टी आहे.

कलम १. घर. टेकडीवरचे हे घर, त्यामागची अंगणाची पट्टी आणि गळकी न्हाणी यांसह, माझ्या भाचीला देत आहे. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला मी याच घरात वाढवले. कार्यालयात बाद झालेली कार्डे मी घरी आणत असे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती गणिते सोडवत असे. एका बाजूला एखाद्या विझलेल्या ज्वालामुखीची माहिती, दुसऱ्या बाजूला तिची भागाकाराची गणिते. तिला शाळेतून यायला पाच मिनिटे उशीर झाला तर मी कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहायची आणि ती दिसली की भाजी घ्यायला आल्याचे सोंग करायची. तिला ते माहीत होते. मी तिच्यावर पोटच्या मुलीसारखी माया केली, हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे म्हणते.

या घराला कोणतीही अट नाही. आधीच्या मसुद्यात मी अट घातली होती की अमुक तारखेच्या आत ती इथे राहायला आली तरच घर तिचे. वकिलीणबाई म्हणाल्या, "बाई, आणि नाही आली तर?" मी ती अट खोडली. नाही आली तर घर कोणाला द्यायचे हा प्रश्नच उरणार नव्हता.

कलम २. बँकेतले जे काही असेल तेही भाचीचे. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे. तिला माहीत आहे, कारण लहानपणी तिथूनच ती गूळ पळवायची.

कलम ३. हत्यारे. माझ्या धंद्याला हत्यारे म्हणण्यासारखे फार काही लागत नाही. लाकडी कपाट एक, त्याला छत्तीस खण. दौत, टाक, भिंग, पट्टी. कपाट भाचीच्या दोन्ही मुलींना मिळून. थोरलीने वरचे खण घ्यावेत, धाकटीने खालचे, आणि भांडण झाले तर कपाट कापू नये, भांडण मिटवावे. "नामशेष" अशी अक्षरे उमटवणारा रबरी शिक्का मात्र कोणालाही देत नाही. तो मी कार्यालयातून निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये घालून आणला. चोरीच आहे. माझ्या मागे तो चुलीत घालावा.

कलम ४. तीन कार्डे. हे या कागदातले मुख्य कलम आहे. मागची तीन पाने वगळली तरी चालतील, हे वगळू नये.

आमच्या कोशाचे तीन विभाग होते: इतिहास, भूगोल आणि निसर्ग. तिन्हींना वेगळ्या खोल्या, वेगळी कपाटे, वेगळे चहाचे कप. मुख्य संपादकांचा दंडक असा की बाहेरून कोणतेही पत्र आले की त्यातला मजकूर विषयवार फोडायचा, ज्याचा तुकडा त्याच्या खोलीत पाठवायचा आणि मूळ पत्र फाडून टाकायचे. "एक वस्तू, एक जागा," असे ते म्हणत. वाचणाऱ्याला हवे ते पटकन सापडावे हा हेतू. हेतू वाईट नव्हता.

मी भूगोलात लागले त्या वर्षी एका म्हाताऱ्या नावाड्याचे सोळा पानी पत्र आले. टेकडीखालच्या सखल माळाबद्दल होते. मी ते फोडले. या माझ्या हातांनी फोडले. त्यातून तीन कार्डे झाली आणि चौपन्न वर्षे ती तीन खोल्यांत तीन कपाटांत पडून राहिली. निवृत्तीनंतर जुनी कपाटे भंगारात निघाली, तेव्हा मी तिन्ही वेचून आणली. ती या मृत्युपत्राला टाचली आहेत. त्यांतला मजकूर असा:

इतिहासाचे कार्ड: "माळावरील वस्ती. तीन वेळा वसली, तिन्ही वेळा उठली. उठण्यामधील अंतरे: त्र्याऐंशी वर्षे, एकोणऐंशी वर्षे. शेवटच्या खेपेस दोन दिवस घरांतील जमिनी ओल्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी जमीन बसली. दुपारपर्यंत छपरे दिसेनाशी. माणसांची गणती झाली नाही."

भूगोलाचे कार्ड: "तळे. पाण्याचा झरा जमिनीखालून. दीर्घ काळ कोरडे. भरल्यास तीन वर्षे टिकते, मग जमिनीत उतरते."

निसर्गाचे कार्ड: "पाणकणीस. याचे कंद कोरड्या मातीत खोल जिवंत राहतात. माळावर पाऊस नसताना कोंब दिसल्यास खालचे पाणी वर चढत आहे असे समजावे. तळे भरण्याआधी एक उन्हाळा."

एकेक कार्ड वाचून कोणाच्या अंगावर काटा येणार नाही. माझ्याही आला नव्हता. तिन्ही एका टेबलावर ठेवली त्या दिवशी मी पेन्सिल घेऊन वर्षे मोजली. माळावरची वस्ती शेवटची उठली त्याला यंदा ब्याऐंशी वर्षे होत आहेत. ते पाहिलेले एकही माणूस आज जिवंत नाही. तळ्याला परत यायला माणसाच्या आठवणीहून थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

कलम ५. माझी चूक. कोशाचा आणखी एक नियम होता. ज्या नोंदीतली गोष्ट तीस वर्षांत कोणी पाहिली नाही, तिच्यावर "नामशेष" असा शिक्का मारायचा. नियम बुडालेल्या कारखान्यांसाठी, बंद पडलेल्या वर्तमानपत्रांसाठी, पडक्या पुलांसाठी केला होता. मी सत्तावीस वर्षांची असताना, तळे शेवटचे आटले त्याला तीस वर्षे भरली. मी शिक्का मारला. त्या दिवशी मी एकशेदहा कार्डांवर शिक्के मारले आणि लवकर घरी आले म्हणून खूश होते. छापील कोशात ओळ गेली: "पूर्वीचे तळे, आता नामशेष, माळ सपाट व कोरडा."

नगररचना कार्यालयाने वसाहतीला मंजुरी देताना हीच ओळ उतरवून घेतली आहे. मी ती फाइल पाहिली. एकशेचाळीस घरे, एक शाळा, चौकात एक विहीर. आणि भाचीने तिथे प्लॉट घेतला तेव्हा मला म्हणाली, "मावशी, तुझ्याच पुस्तकात बघून घेतलाय. तू लिहिलंयस म्हणजे दगडावरची रेघ." मला तेव्हा अभिमान वाटला. मी पेढे नको म्हणाले आणि दोन खाल्ले.

कलम ६. माफी. निसर्ग विभागातल्या माझ्या सहकाऱ्याची मी माफी मागते. त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे, कारण एका कार्डाला तो आठवडा लावायचा. पाणकणसाचे कार्ड घेऊन तो माझ्या टेबलाशी आला होता. म्हणाला, "हे तुमच्या तळ्याला जोडून ठेवूया का? खाली एक ओळ टाकू, की ते पाहा, हे पाहा." मी म्हणाले, "गवताचं भूगोलात काय काम? तुमच्या खोलीत ठेवा." तो कार्ड घेऊन हळूहळू परत गेला. पाठमोरा अजून दिसतो मला. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकिलीणबाई सांगतात आणि तो माझा साक्षीदार आहे, म्हणून त्याला वस्तू काहीच देत नाही. माफी मालमत्तेत मोडत नाही.

मुख्य संपादकांना मी माफ करत नाही. ते वारले आहेत, त्यामुळे त्यांचे काही अडणार नाही. जोड-नोंदी सगळ्या त्यांनी कापल्या, कारण त्या पानाची शोभा घालवतात. शोभा राहिली आहे. त्यांचा माझ्याकडे असलेला फोटो भिंतीवरून काढावा आणि चौकट कामाला घ्यावी.

कलम ७. जे चालू आहे ते. पाऊस संपून पाच महिने झाले. भाचीच्या परसात नळापासून दूर, भिंतीच्या कडेला, पाणकणसाचे कोंब आले आहेत. मी एक उपटून गोगलगायीकडे नेला. त्याने भिंगातून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. त्याला नेहमी वेळ लागतो. या वेळी लागला नाही.

भाचीचा नवरा फरश्या बसवतो. त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. त्याने बसवलेल्या फरशीवरून गोटी सोडली तर ती जागची हलत नाही. त्याच्याच स्वयंपाकघरातली फरशी या उन्हाळ्यात मधोमध फुगली. त्याने ती उखडून पुन्हा बसवली. पुन्हा फुगली. तिसऱ्यांदा बसवताना मी तिथे होते. तो गुडघ्यावर बसून म्हणाला, "मावशी, सिमेंट खोटं लागलं. माझीच चूक." त्याने थापी खाली ठेवली आणि हात धोतराला पुसावा तसा पुन्हा पुन्हा पँटला पुसत राहिला. उखडलेल्या जागेची माती ओली होती. मी बोट लावून पाहिले. थंड होती. चैत्राच्या उन्हात स्वयंपाकघरातली माती थंड.

मी त्याला तिन्ही कार्डे वाचून दाखवली आणि सगळे वर राहायला या म्हणाले. तो नीट ऐकतो, त्याचा हा गुण आहे. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आणि वसाहतीतले बाकीचे काय आंधळे आहेत?" मग भाचीकडे वळून, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "म्हातारपणी एकटं वाटतं त्यांना. सरळ या म्हणावं, एवढं तळं कशाला आणायचं मध्ये."

हे मला लागले. खरे नसते तर लागले नसते. मला एकटे वाटते, हे कबूल. पण तळे मी आणलेले नाही.

भाची म्हणाली, "मावशी, घर रिकामं टाकून कसं येऊ? आठ दिवसांत कोणीतरी कुलूप तोडून बसेल आत. आणि यांनी एकेक फरशी स्वतः बसवलीय गं."

कलम ८. कोश कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. मी नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले की दाव्याला छापील आधार जोडावा. छापील आधार म्हणजे कोश, आणि कोशात मीच लिहिलेले की तळे नामशेष. नगररचनेने तीच ओळ मला झेरॉक्स करून पाठवली, खाली हिरव्या शाईने रेघ मारून. मी कार्यालयात जाऊन बसले. माझ्या जागी आता एक तरुण बाई आहेत, नम्र, केस नीट बांधलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, नियम तुमच्याच काळातला आहे. नामशेषचा शिक्का उठवायचा तर त्या जागेच्या रहिवाशाने स्वतः पाहून सही केलेली नोंद लागते. पाणी वर आलेलं दिसत नसेल तर सलग तीस दिवसांची. पाणी उघडं दिसलं तर एकच सही पुरे."

नियम मीच लिहिला होता. शुद्धलेखनही माझेच. शिक्का उठला की नगररचनेला वसाहत रिकामी करण्याचा विचार करावाच लागेल, हेही त्यांनी सांगितले. बाई कामाच्या आहेत.

मी वसाहतीत दारोदार फिरले. रहिवासी म्हणून तीस दिवस विहिरीच्या पायऱ्या मोजा आणि सही करा, एवढेच मागणे. कोणी चहा दिला, कोणी दार लावले. एक गृहस्थ म्हणाले, "आजी, उद्या माझं घर कोण घेईल?" शेवटी भाचीला विचारले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "मी सही केली तर सगळी वसाहत माझ्या दारात येऊन उभी राहील. मला नको सांगूस हे." मी पुन्हा सांगितले नाही.

कलम ९. म्हणून अदलाबदल. मी तिला म्हणाले, घर रिकामे राहायला नको ना, मग मी राहते. तुम्ही चौघे वर या, मी खाली जाते. महिनाभराचा प्रश्न. फरशीवर मी लक्ष ठेवीन, कुलूप कोणी तोडणार नाही, आणि एकटे वाटते म्हणून बोलावते असेही कोणाला म्हणता येणार नाही, कारण मी इथे नसेनच. भाचीचा नवरा ओशाळला. म्हणाला, "मावशी, तसं नव्हतं मला म्हणायचं." तसेच म्हणायचे होते, पण माणूस चांगला आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि माझी पट्टी आणि भिंग त्याला देत आहे.

रहिवासी म्हणून माझे नाव तलाठ्याकडे लागले आहे. वसाहतीत माझ्यासारखी म्हातारी राहायला येणार असे ऐकून भाचीची शेजारीण विचारायला आली, "काय आजी, मुलीकडे का?" मी म्हणाले, हो. ते तरी खोटे नाही.

मुलींची शाळा खालीच आहे. महिनाभर त्यांनी जाऊ नये. शाळा बुडते म्हणून थोरली रडेल. रडू द्यावे. वरच्या खणांत नद्यांची सगळी कार्डे आहेत, तीस दिवसांत ती पाठ करता येतील.

कलम १०. शेवटची सूचना, भाचीसाठी. ही नीट वाच.

मी सोबत साठ कोरी कार्डे घेतली आहेत. रोज सकाळी मी चौकातल्या विहिरीच्या कोरड्या पायऱ्या मोजीन, तुझ्या स्वयंपाकघरातल्या मातीत काठी खुपसून ओल कुठवर आली ते पाहीन आणि दोन्ही लिहून सही करीन. दूधवाला खालून निघून वर येतो. साडेसातला तुझ्या दाराशी असतो. माझे कार्ड त्याच्याकडे असेल. ते कपाटात तारखेप्रमाणे लाव. तीस झाली की कोश कार्यालयात त्या बाईंकडे स्वतः नेऊन दे. टपालाने पाठवू नकोस. हातात देऊन पोच घे.

मधल्या काळात मी घरोघर जाऊन रोजचा आकडा सांगणार आहे. लोक कंटाळतील. काही जण कंटाळून का होईना, निघून जातील. कोणी तुझ्या दाराशी सामान घेऊन आले तर न्हाणीत जागा आहे.

इतिहासाच्या कार्डातले ते वाक्य तू वाचले आहेस. दोन दिवस जमीन ओली, तिसऱ्या दिवशी सकाळी बसली. तुझ्या स्वयंपाकघरात ओल कधीपासून आहे ते मला नेमके सांगता येत नाही, कारण फरशीखाली कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे तीस कार्डे पूर्ण होतील की नाही, याची मी खात्री देत नाही. मला भीती वाटते आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे मावशीला काही कळत नव्हते असे कोणी म्हणायला नको.

दूधवाला एखाद्या सकाळी कार्ड न घेता आला, किंवा दूधवालाच आला नाही, तर मला शोधायला खाली उतरू नकोस. नवऱ्यालाही उतरू देऊ नकोस. दार लावून त्याच्या वाटेत आडवी उभी राहा. मग टाकीच्या कठड्याशी जा आणि माळाकडे बघ. पाणी दिसले तर कार्ड घे. तारीख लिही, वाजले किती ते लिही, पाणी कुठवर आहे ते लिही. तुझे नाव कागदोपत्री अजून खालच्याच घरावर आहे, त्यामुळे सही तुझीच चालेल. या वेळी कर.

ठिकाण : टेकडीवरचे घर, पुढची खोली
दिनांक : एकवीस, शुक्रवार, सकाळचे दहा

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिला, निवृत्त सहसंपादक, निसर्ग विभाग. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. कलम ६ वाचले. राग तेव्हाच गेला होता. सोमवारी सामान न्यायला मी येतो असे तिला म्हणालो, ती नको म्हणाली. मी येणार आहे.

साक्षीदार दुसरा, विहिरी खोदणारा, खालच्या वसाहतीच्या कामावर होतो. सही माझ्यासमोर झाली. बाईंनी विचारलं म्हणून लिहितो, चौकातल्या विहिरीच्या काल अकरा पायऱ्या कोरड्या होत्या. आज इथे येताना पाहिलं, सात होत्या. बाईंना म्हणालो सोमवारपर्यंत थांबू नका, पोरींना आजच वर आणा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चपला घालायला उठल्या.